दम

बारावीच्या वर्षी मी शेवटची महत्त्वाची चढाई केली आणि रिकामा परत आलो.

जिल्ह्याची शालेय स्पर्धा होती. एकोणीस वर्षांखालचा गट, अंतिम सामना. जिंकणारा संघ विभागाला जाणार होता. मॅट नव्हती, माती होती. सकाळी पाणी मारून दाबलेली आणि दुपारपर्यंत पुन्हा भुसभुशीत झालेली. शेवटचं मिनिट चालू होतं आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. समोर सहा जण. कबड्डी खेळलेल्यांना माहीत असेल, समोर किमान सहा जण असले की बोनस मिळतो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, त्या क्षणी दुसरा पाय हवेत हवा, आणि परत यायचं. एक गुण, म्हणजे बरोबरी. मग जास्तीचा वेळ.

मी गेलो. उजवीकडे झुकलो, डावीकडे आलो. त्यांचा कोपरारक्षक गुडघ्यात वाकून माझ्या घोट्याकडे बघत होता. मला जागा दिसली. आणि मी परत फिरलो. मध्यरेषा ओलांडली तेव्हा शिटी वाजली.

मी सगळ्यांशी हात मिळवले. पंचांना नमस्कार केला. हसलोसुद्धा. कट्ट्यावर बसलेले कुणीतरी काका म्हणाले, "काय पोरगं आहे! हरला तरी चेहऱ्यावर रेघ नाही."

आमचा डावा कोपरा मात्र मैदानाबाहेर बाकावर बसून रडत होता. त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. तो डाव्या कोपऱ्यात खेळायचा म्हणून त्याचं नाव 'कोपरा'. पाच मिनिटांपूर्वी त्याने एक पकड केली होती. चढाई करणाऱ्याचा हात रेषेला लागला, असा पंचांनी निर्णय दिला. कोपऱ्याच्या मते लागला नव्हता. तो पंचांच्या अंगावर धावून गेला आणि नको ते बोलला. पिवळं कार्ड मिळालं. दोन मिनिटं बाहेर, आणि समोरच्यांना एक तांत्रिक गुण. दोन मिनिटं संपल्यावरही सरांनी त्याला आत घेतलं नाही. तो बाकावर मुठी आपटत रडत होता आणि सर त्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणत होते, "याच्याकडून शीक जरा. हा बघ कसा आहे. डोकं थंड."

आम्ही एका गुणाने हरलो. तो एक गुण कोपऱ्याच्या रागाने गेला, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. हे बरोबर आहे का, हे विचारायला मला बरीच वर्षं लागली.

*

'शांत खेळाडू' हे आपल्याकडचं फार मोठं प्रशस्तिपत्र आहे. धोनीचं कौतुक करताना आधी त्याच्या थंड डोक्याचं करतात, षटकारांचा नंबर नंतर लागतो. द्रविडचंही तसंच. पण शांत म्हणजे नेमकं काय? याची दोन उत्तरं शक्य आहेत आणि आपण ती सतत एकमेकांत मिसळतो.

एक म्हणजे, या माणसाच्या आत काही उसळतच नाही. दुसरं म्हणजे, आत उसळतंय, पण ते हाताबाहेर गेलेलं नाही.

टीव्हीवरून दोन्ही सारखीच दिसतात. चेहरा तोच, चाल तीच. मग यातल्या कुठल्या शांततेला आपण चांगलं म्हणतो? 'दोन्ही' असं उत्तर देता येईल, पण ते टिकत नाही. त्यासाठी एक गोळी पुरेशी आहे.

बीटा-ब्लॉकर नावाची औषधं असतात. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांना ती देतात. ती घेतली की हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताची थरथर कमी होते. मंचावर घाबरणारे काही वादक कार्यक्रमाआधी ती घेतात, हेही काही गुपित नाही. नेमबाजीत आणि तिरंदाजीत मात्र ही औषधं बंद आहेत, स्पर्धेच्या दिवशी आणि सरावाच्या दिवसांतही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाने एक रौप्य आणि एक कांस्य मिळवलं होतं. त्याच्या नमुन्यात प्रोप्रानोलोल हे बीटा-ब्लॉकर सापडलं आणि दोन्ही पदकं काढून घेतली गेली.

आता जरा थांबून विचार करा. नेमबाजाला चष्मा चालतो. डोळ्यावर झापड लावलेली चालते. शरीर डगमगू नये म्हणून जाड, ताठ जॅकेट चालतं, त्याची जाडी आणि ताठरपणा मोजून नियमात बसवलेला असतो. म्हणजे नजरेला मदत चालते, पाठीला मदत चालते. हृदयाला मदत केली की ती फसवणूक. असं का?

कारण खेळ ज्याची परीक्षा घेतो ते तिथे आहे. पन्नास मीटरवरच्या रायफलच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ साधारण १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टच्या बटणाएवढं. बंदूक, डोळा, हवा हे सगळं ठीक असलं तरी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत छातीत जे धडधडतं ते त्या बटणावरून नळी हलवायला पुरेसं असतं. त्या धडधडीसकट नेम धरता येतो का, हे बघायला आपण तिथे बसलेलो असतो. धडधड काढून टाकली तर नेम लागेल, पण आपण ज्याला टाळ्या वाजवणार होतो ते घडलेलंच नसेल.

म्हणजे आपल्याला हवी आहे ती दुसरी शांतता. आत काही नसणं ही कमाई नाही. ते गोळीनेही मिळतं, झोपेनेही मिळतं, आणि ज्याला हरण्या-जिंकण्याचं काही वाटतच नाही त्याला फुकट मिळतं.

*

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल तीन पोझिशन प्रकारात कांस्य मिळवलं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणारा मुलगा. गुडघ्यावर बसून आणि मग पालथं झोपून मारायच्या फैरी झाल्या तेव्हा तो पहिल्या तिघांत नव्हता. सगळ्यात अवघड असते ती उभ्याने मारायची फैर, आणि तिच्यात तो वर आला. त्याचा चेहरा बघताना कुणालाही वाटावं की हा माणूस बर्फाचा आहे.

पदकानंतर पत्रकारांशी तो जे बोलला ते मला त्या पदकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. पोटात कालवत होतं. काही खाल्लं नव्हतं, नुसता काळा चहा घेतला होता. ठोके खूप वाढले होते. वेगळं काही करायला गेलो नाही, श्वास सांभाळला.

म्हणजे बर्फबिर्फ काही नव्हतं. आत भट्टी चालू होती आणि तो श्वास मोजत होता.

कबड्डीत आपण जो अखंड 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार करतो, त्याला दम म्हणतात. दम गेला की चढाई बाद. हा शब्द मला लहानपणापासून तोंडात होता, पण तो किती गोष्टी एकाच वेळी सांगतो हे कधी लक्षात आलं नव्हतं. 'दम लागला' म्हणजे धाप लागली. 'दम आहे का तुझ्यात?' म्हणजे धमक आहे का. 'त्याला दम दिला' म्हणजे धमकावलं. आणि 'दम धर' म्हणजे घाई करू नकोस, थांब, शांत राहा. शब्दकोश सांगतात की श्वास या अर्थाचा दम फारसीतून आला. संस्कृतात दम नावाचा आणखी एक शब्द आहे, शम-दममधला, त्याचा अर्थ इंद्रियांचा निग्रह. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन शब्द मराठीत येऊन एकमेकांत असे मिसळले की आता त्यांना वेगळं काढायला पंडित लागतो.

मला हा निव्वळ योगायोग असला तरी फार खरा योगायोग वाटतो. ज्याच्यात दम नाही तो दम धरणार कशाला? धरायला आधी काहीतरी हातात हवं. आवेश आणि संयम ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं आपण समजतो. म्हणून प्रशिक्षक म्हणतात, 'आक्रमक आहे, पण डोकं जरा तापट आहे,' जणू आक्रमकता थोडी कमी केली की डोकं आपोआप थंड होईल. थंड होईलही. पण मग उरेल काय?

*

टेनिसचा इतिहास बघा. सत्तरच्या दशकातला ब्यॉन बोर्ग हा शांततेचा पुतळा मानला जायचा. ५ जुलै १९८० ला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर जॉन मॅकेनरो होता, पंचांशी भांडण्यासाठी प्रसिद्ध असलेला. चौथ्या सेटचा टायब्रेक मॅकेनरोने १८-१६ असा घेतला. त्या एका सेटमध्ये बोर्गच्या हातून विजेतेपदाचे सात गुण निसटले. माणूस तिथे मोडतो. बोर्ग पाचव्या सेटला आला आणि ८-६ ने जिंकला. चेहऱ्यावर तेच काहीही नाही.

पण हाच बोर्ग लहानपणी रॅकेट फेकायचा, शिव्या द्यायचा, आणि त्यापायी त्याला काही महिने खेळायला बंदी झाली होती, असं त्यानेच सांगितलेलं आहे. फेडररचीही तीच गोष्ट. किशोरवयात त्याने फेकलेल्या रॅकेटने नवाकोरा पडदा फाटला आणि शिक्षा म्हणून त्याला आठवडाभर साफसफाई करावी लागली. आपण ज्यांच्या शांततेचे व्हिडिओ शेअर करतो त्यांच्यातले कितीतरी जण मुळात कोपऱ्यासारखे होते. त्यांना कोणीतरी बाकावर कायमचं बसवून ठेवलं असतं, तर?

मात्र बोर्गच्या गोष्टीला शेवटही आहे, आणि तो प्रेरणादायी रीलमध्ये येत नाही. १९८१ मध्ये विम्बल्डनला आणि मग अमेरिकन ओपनला तो अंतिम सामन्यात मॅकेनरोकडून हरला. न्यूयॉर्कच्या त्या पराभवानंतर तो बक्षीस समारंभाला न थांबता निघून गेला. १९८३ च्या सुरुवातीला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. झाकण घट्ट बसवता येतं, पण त्याची किंमत असते, आणि ती आपण बघत नसताना चुकवली जाते. म्हणून 'कसं सगळं आत ठेवतो बघ' असं कुणाचं कौतुक करताना मला आता थोडं बिचकायला होतं.

*

इथे कुणी म्हणेल, म्हणजे राग चांगला? पंचांच्या अंगावर जाणं बरोबर?

नाही. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळ चालू असताना, झिदानने मातेरात्झीच्या छातीवर डोकं आपटलं. लाल कार्ड. फ्रान्स पेनल्टीवर हरलं. त्याला काय बोललं गेलं, ते किती जिव्हारी लागलं, हे सगळं समजून घेता येतं. तरी उरलेल्या दहा जणांनी त्याचं काय केलं होतं? रागाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न मला हा वाटतो: याचं बिल कोण भरतंय?

आता दुसरं दृश्य. १ जून २०२५, नॉर्वेतलं स्टाव्हांगर. बहुतेक डाव वरचढ राहिलेला मॅग्नस कार्लसन शेवटी चुकला आणि नुकतीच एकोणीस पूर्ण केलेल्या गुकेशकडून हरला. त्याने टेबलावर मूठ आपटली. सोंगट्या उडाल्या. ती क्लिप तुमच्याही फोनवर आली असणार. तिच्यावर मीम आले, मग त्या मीमवर मीम आले. पण क्लिप पुढे बघा. त्याने हात मिळवला, सोंगट्या परत उभ्या करायला लागला, जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप मारली. गुकेशही नंतर म्हणाला, की मीही कारकिर्दीत बरीच टेबलं आपटली आहेत.

त्या मुठीने कोणाचं नुकसान झालं? टेबलाचं. तिच्यात समोरच्याचा अपमान नव्हता. उलट जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला तुझ्याकडून हरणं इतकं लागलं, यापेक्षा मोठी दाद एकोणीस वर्षांच्या मुलाला काय मिळणार? तो जर खांदे उडवून, हसून निघून गेला असता, तर ते जास्त सभ्य दिसलं असतं. पण त्यात कदाचित जास्त उपहास असता.

आणि गुकेश स्वतः? १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनची चूक त्याच्या लक्षात आली, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि जगज्जेता होणार होता. डिंगने हार मान्य केल्यावर तो रडला. आणि रडता रडता त्याने पटावरच्या सोंगट्या एकेक करून मूळ जागी लावल्या. पुढच्या जुलैमध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून नागपूरची दिव्या देशमुख आईच्या गळ्यात पडून अशीच रडली. या दोघांना 'भावनेवर ताबा नाही' असं कोणी म्हटलं नाही. कारण ताबा होता. जेवढा वेळ हवा होता तेवढा वेळ होता. डाव संपला, दम सोडला.

रडता रडता सोंगट्या लावणारा तो हात माझ्या डोक्यातून जात नाही. मघाशी मी ज्या दुसऱ्या शांततेबद्दल बोलत होतो ती कशी दिसते, असं कुणी विचारलं तर मी तो हात दाखवेन.

*

पण एक मोठी शंका राहते, आणि ती आपल्या घरातलीच आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ. सुखात हुरळत नाही, दुःखात खचत नाही, ज्याची इच्छाच गळून पडली आहे. आमच्या सरांच्या खोलीत गीतेतलं वाक्य भिंतीवर रंगवलेलं होतं. तुमच्याही शाळेत असेल. फळाची आशा धरू नका. मग जिंकण्याची एवढी हाव धरून शांत राहणं हा दुय्यम दर्जाच झाला ना? खरा शांत तो, ज्याला जिंकायचंच नाही?

मी काही गीतेचा अभ्यासक नाही. पण ती सगळी चर्चा सुरू कुठून होते, एवढं तरी आपल्याला माहीत असतं. अर्जुन धनुष्य खाली ठेवतो. आणि धनुष्य ठेवताना तो काय बोलतो? मला विजय नको, राज्य नको. ऐकायला ही विरक्तीच आहे. ज्याला फळ नको असा माणूस समोर उभा आहे. मग कृष्णाने म्हणायला हवं होतं, शाब्बास, झालास स्थितप्रज्ञ, चल घरी. तो तसं म्हणत नाही. तो त्याला दुबळेपणा म्हणतो. पुढचे अध्याय खर्च होतात ते या दोन दिसायला सारख्या गोष्टींमधला फरक सांगण्यात: फळाची आसक्ती सोडणं वेगळं आणि कामच सोडून देणं वेगळं.

माझ्यापुरता मी त्याचा अर्थ असा लावतो. फळ हातात नाही, म्हणून फळाची काळजी नेम धरताना कामाची नाही. पण पाय टाकायचा की नाही, हे माझ्या हातात आहे. पाय न टाकता 'मला फळाची आशा नव्हती' असं म्हणणं म्हणजे अर्जुनाचा पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटणं.

*

आणि आता मला त्या चढाईबद्दल खरं सांगायला हवं.

मला जागा दिसली होती, हे मी वर लिहिलं. मला भीती वाटली नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खरंच आहे. भीती वाटली नाही, कारण त्या क्षणी मी मनातल्या मनात हात झटकले होते. पकडलो गेलो असतो तर तो पराभव माझ्या नावावर लागला असता: शेवटच्या चढाईत सापडलेला कर्णधार. रिकामा परत आलो तर पराभव आधीच ठरलेला होता, कोपऱ्याच्या पिवळ्या कार्डाने. मी हरण्याचा स्वच्छ रस्ता निवडला. म्हणूनच मला हसता आलं. माझी ती शांतता मला काहीही न मोजता मिळाली होती. गोळी न घेता गोळी घेतल्यासारखा मी होतो.

झिदानच्या रागाचं बिल त्याच्या संघाने भरलं. माझ्या शांततेचं बिलही माझ्या संघानेच भरलं. फरक एवढाच की रागाची पावती सगळ्यांना दिसते. त्याच्यासाठी कार्ड आहे, शिटी आहे, गुणफलकावर आकडा आहे. न टाकलेल्या पावलाची नोंद गुणपत्रकात होत नाही.

यात अजून एक गोष्ट होती, जी सरांना दिसली नाही आणि मला दिसत असून मी पाहिली नाही. माझी बारावीनंतरची सोय झालेली होती. क्लास लावलेला होता, प्रवेश परीक्षा होती, वडिलांनी फीची तजवीज केली होती. कबड्डी माझ्यासाठी कॉलेजची आठवण होणार होती. कोपऱ्याच्या घरी त्याच्या थोरल्या भावाने दहावीला शाळा सोडली होती. कोपऱ्याचा हिशेब सरळ होता: विभाग, मग राज्य, मग प्रमाणपत्र, मग पोलीस नाहीतर रेल्वे, खेळाडूंच्या जागेतून. कबड्डीच्या मैदानावर उतरणाऱ्या किती पोरांचा हा हिशेब असतो ते महाराष्ट्रात कुणाला वेगळं सांगायला नको. पंचांनी 'रेषेला हात लागला' असं म्हटलं तेव्हा माझा एक गुण गेला होता. त्याची त्या साखळीतली पहिली कडी गेली होती.

आम्ही दोघं एकाच रेषेवर उभे होतो, असं सरांना वाटलं. एक थंड, एक तापट. पण दोघांच्या डोक्यावरचं ओझं कोणी तोलून बघितलं नव्हतं. रिकाम्या हाताने चालणारा सरळ चालतो यात त्याचं कसलं कौतुक? डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्याचं थोडं पाणी सांडलं, तर त्याला रिकाम्या माणसाकडे बोट दाखवून 'याच्याकडून शीक' म्हणायचं का?

पंचांवर धावून जाणं चूक होतं. हे मी आजही म्हणतो, आणि तोही म्हणतो. पण त्या दिवशी आमच्या दोघांपैकी शिकवण्यासारखा कच्चा माल त्याच्याकडे होता. त्याच्याकडे दम होता, तो धरायला शिकवायचा होता. मला आधी हवंसं वाटायला शिकवावं लागलं असतं, आणि ते काम कितीतरी अवघड आहे.

*

कोपरा पोलिसात गेला नाही, रेल्वेतही नाही. तो एका गोदामात सुपरवायझर आहे. संध्याकाळी गावच्या मैदानावर वीस-पंचवीस पोरांना कबड्डी शिकवतो. गेल्या वर्षी जत्रेला गेलो तेव्हा मैदानाकडे गेलो. एक बारकं पोरगं पकड सुटली म्हणून स्वतःच्याच मांडीवर बुक्क्या मारत होतं. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो त्या पोराजवळ गेला, उकिडवा बसला आणि विचारलं, "लागलं ना मनाला?" पोराने मान हलवली. "लागू दे. आता सांग, पाय कुठं होता तुझा?"

पोराने पाय कुठे होता ते दाखवलं. मग कुठे हवा होता तेही दाखवलं. एवढंच. पोरगं परत आपल्या जागेवर गेलं.

सराव संपल्यावर आम्ही कट्ट्यावर बसलो. चहा आला. मी धीर करून विषय काढला. म्हटलं, "त्या फायनलला मी बोनस घ्यायला हवा होता."

तो बराच वेळ चहा पीत राहिला. मग म्हणाला, "पाय उचलला होतास तू. मी बाकावरून बघत होतो. उचललास आणि परत ठेवलास."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? सर म्हणत होते, याच्याकडून शीक."

तो हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता. होता म्हणा, पण जुना, नीट घडी घालून ठेवलेला. मला हसता आलं नाही. इतक्या वर्षांनी त्या सामन्याचं मला पहिल्यांदा वाईट वाटत होतं, पोटातून. छाती धडधडत होती. समोर पोरं माती झटकत, चपला शोधत घरी निघाली होती आणि त्यांच्यातली दोघं अजून मध्यरेषेवर उभी राहून, एका दमात कोण जास्त वेळ टिकतं ते बघत होती.